‘नाही’, ‘नको’ आणि ‘नव्हे’ : दोगेनच्या आसनविधीतील विचारविषयक सूत्राचे परीक्षण

१

झेन संप्रदायातील आसनस्थ ध्यानाविषयी मराठीत बोलताना वा लिहिताना एक प्रश्न हटकून उपस्थित होतो : बसलेल्या साधकाने मनात येणाऱ्या विचारांचे काय करावयाचे? या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एक, विचार थांबवून ‘निर्विचार’ व्हावयाचे. दुसरे, विचारांकडे ‘साक्षी’ या नात्याने पाहावयाचे. दोन्ही शब्द आपल्या परिचयाचे आहेत. पहिल्यामागे योगशास्त्राची आणि दुसऱ्यामागे वेदांताची प्रतिष्ठा उभी आहे. परंतु परिचित शब्द हाताशी असला की परक्या ग्रंथातील शब्द तपासून पाहण्याची गरज वाटेनाशी होते. आणि येथे तसेच घडले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा प्रश्न केवळ पारिभाषिक शब्दांच्या निवडीचा नाही. काव्याच्या भाषांतरात एखादा शब्द चुकला तर रसहानी होते. आसनविधीच्या भाषांतरात तो चुकला तर बसणारा माणूस वेगळेच काहीतरी करू लागतो. ‘निर्विचार हो’ ही सूचना ज्याने मनावर घेतली, त्याचा बसण्याचा सारा वेळ स्वतःच्या मनाशी झुंजण्यात जातो, आणि विचार संपले नाहीत म्हणजे आपले ध्यान फसले असा निष्कर्ष तो काढतो. मूळ ग्रंथ त्याला हे सांगत होता काय, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

या परीक्षणासाठी जपानी आचार्य दोगेन (१२००–१२५३) यांचा ‘फुकानझाझेन्गी’ हा लहानसा ग्रंथ येथे निवडला आहे. नावाचा अर्थ ‘सर्वांस शिफारस केलेला आसनध्यानाचा विधी’ असा होतो. संस्कृत ‘ध्यान’, पाली ‘झान’, चिनी ‘छान’ आणि जपानी ‘झेन’ ही या शब्दाची वाटचाल परिचित आहे. ‘झा’ म्हणजे बसणे, म्हणून ‘झाझेन’ म्हणजे बसून केलेले ध्यान. हा ग्रंथ निवडण्याचे कारण असे की, त्याचे दोन पाठ आज उपलब्ध आहेत, आणि विचारांचे काय करावे हे सांगणाऱ्या नेमक्या वाक्यापाशी ते दोन पाठ एकमेकांपासून फुटतात.

२

दोगेन १२२३ साली चीनला गेले, थिएनथोंग पर्वतावरील रुजिंग या आचार्यांपाशी त्यांनी अध्ययन केले आणि १२२७ साली ते जपानला परतले. परतल्यावर लवकरच त्यांनी आसनविधीवर लिहिले. मात्र ते पहिले लेखन आज उपलब्ध नाही. उपलब्ध आहे ती १२३३ सालची त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील प्रत. ती एइहेइजी मठात जतन केलेली आहे. दुसरा पाठ लोकप्रचलित आहे. मठांमधून तोच म्हटला जातो, आणि दोगेनच्या प्रवचनसंग्रहात, म्हणजे ‘एइहेइ कोरोकु’त, तोच समाविष्ट आहे. या पाठाची सिद्धता बहुधा १२४० नंतरची. दोन्ही पाठांची शब्दशः तुलना करून त्यांतील फरकाचे महत्त्व अभ्यासकांच्या नजरेस आणून देण्याचे मोठे श्रेय कार्ल बीलफेल्ड यांच्या १९८८ सालच्या ग्रंथाकडे जाते.

दोन्ही पाठांचा पूर्वभाग बराचसा सारखा आहे. शांत खोली, जाड बैठक, तिच्यावर गोल उशी, पद्मासन अथवा अर्धपद्मासन, उजव्या तळहातावर डावा तळहात, अंगठ्यांची टोके परस्परांना टेकलेली, कान खांद्यांच्या रेषेत, नाक बेंबीच्या रेषेत, आणि डोळे उघडे. डोळे मिटावयाचे नाहीत, ही बारीकशी सूचना पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. देहाची ही मांडणी पूर्ण झाल्यावरच ग्रंथ मनाकडे वळतो.

१२३३ च्या पाठात या ठिकाणी जी सूचना येते ती मूलतः दोगेनची नाही. ११०३ साली चांगलू झोंगझे या चिनी आचार्यांनी सिद्ध केलेल्या मठनियमांच्या संहितेत आसनध्यानावर एक प्रकरण आहे; त्यातून ती घेतलेली आहे. तिचा आशय असा : विचार उठला की त्याची जाणीव व्हावी, जाणीव झाली की तो मावळतो, असे दीर्घकाळ चालू ठेवले म्हणजे बाह्य आलंबनांचा विसर पडतो आणि सारे आपोआप एकसंध होते. क्रम स्पष्ट आहे, कृती स्पष्ट आहे आणि फळही स्पष्ट आहे. नवशिक्यास याहून सोपी सूचना देता येणार नाही.

लोकप्रचलित पाठात हे सर्व काढून टाकले आहे. त्याच्या जागी याओशान वेइयेन (७४५–८२७) या थांग-कालीन आचार्यांच्या एका संवादातील शब्द आले आहेत. स्तब्ध बसलेल्या याओशानना एका भिक्षूने विचारले की आपण कशाचा विचार करीत आहात. त्यांचे उत्तर असे की, विचार न करणे जे आहे त्याचा. भिक्षूचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता : विचार न करणे याचा विचार कसा करावयाचा? याला याओशाननी एका संयुक्त शब्दाने उत्तर दिले. जपानी उच्चारात तो शब्द ‘हिशिऱ्यो’ असा आहे. झाझेनचे मर्म ते हेच, असे दोगेन तेथे जोडतात.

येथे एक गमतीची गोष्ट नमूद करावयास हवी. आपला ग्रंथ का लिहिला हे सांगणाऱ्या टिपणात दोगेन झोंगझे यांच्यावर टीका करतात. जुन्या परंपरेचा आशय त्यांनी पुरता राखला नाही, असा त्या टीकेचा रोख आहे. तरीही १२३३ च्या पाठात विचारांविषयीची मध्यवर्ती सूचना त्यांनी झोंगझे यांचीच ठेवली. म्हणजे मतभेद आधी झाला आणि त्यासाठी लागणारे शब्द नंतर सापडले. ग्रंथकाराच्या विचाराची वाढ इतक्या उघडपणे दाखविणारे पाठभेद विरळाच.

३

दोन सूचनांमधील फरक पाहताना नामाच्या आधी क्रियापदाकडे लक्ष दिले पाहिजे. झोंगझे यांच्या सूचनेतील ‘विचार’ या अर्थाचे अक्षर जपानीत ‘नेन’ असे उच्चारतात, आणि त्याला जोडलेले क्रियापद ‘उठणे’ हे आहे. याओशानच्या संवादातील शब्द ‘शिऱ्यो’ हा आहे. त्याचा पूर्वार्ध विचार करणे या अर्थाचा, आणि उत्तरार्ध मापणे, तोलणे या अर्थाचा आहे. ‘नेन’ उठतो, ‘शिऱ्यो’ केला जातो.

हा भेद इंग्रजीतून सांगावयाचा तर कष्ट पडतात. मराठीत तो आपण रोज बोलतो. ‘माझ्या मनात विचार आला’ आणि ‘मी विचार केला’ ही दोन वाक्ये एकाच घटनेची दोन वर्णने नव्हेत. पहिल्यात विचार हा कर्ता आहे आणि मन हे त्याचे अधिकरण आहे. ‘मी’ला तेथे कर्तृत्व नाही. दुसऱ्यात ‘मी’ कर्ता आणि विचार हे कर्म. ‘मला सुचले’, ‘मला आठवले’, ‘मला वाटले’ या प्रयोगांत अनुभवणारा चतुर्थीत जातो, कर्त्याच्या स्थानी राहत नाही. ‘मी ठरवले’, ‘मी तोलून पाहिले’ यांत तो कर्ता होऊन येतो. आपल्या भाषेने मनोव्यापारांची केलेली ही विभागणी अत्यंत उपयुक्त आहे.

आता दोन पाठ पुन्हा शेजारी ठेवावेत. १२३३ च्या पाठाचा विषय ‘येणारा’ विचार हा आहे. साधकाने काय करावयाचे? त्याची जाणीव ठेवावयाची, म्हणजे एक नवी क्रिया करावयाची. लोकप्रचलित पाठाचा विषय ‘करण्याचा’ विचार हा आहे. येणाऱ्या विचाराबद्दल तो पाठ या ठिकाणी काही बोलतच नाही. विचार येतात हे गृहीत आहे. प्रश्न आहे तो साधकाच्या कर्तृत्वाचा. भर घटनेवरून कृतीवर गेला आहे, आणि त्याबरोबर सबंध सूचनेचा रोख बदलला आहे.

‘नेन’ या अक्षराची आणखी एक अडचण येथेच सांगावयास हवी. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत हेच अक्षर ‘स्मृती’ या संज्ञेसाठी वापरले गेले; अष्टांग मार्गातील ‘सम्यक् स्मृती’ची घडण याच अक्षरावर झाली आहे. म्हणजे मनात भटकत येणारा विचार आणि त्याचे भान ठेवणारी स्मृती या दोहोंना एकच अक्षर. चिनी छान परंपरेतील ‘वूनियेन’ या संज्ञेवर इतके वाद झाले त्याचे एक कारण हे असावे. हुइनेंग या सहाव्या आचार्यांच्या नावावर असलेल्या ‘पीठसूत्रा’ला या संज्ञेचा खुलासा मुद्दाम करावा लागला : विषयांच्या संगतीत असूनही विचार त्यांनी लिप्त न होणे हा तिचा अर्थ, विचारांचा प्रवाहच तोडून टाकणे हा नव्हे, असे तेथे बजावलेले आहे. ज्या अर्थी बजावावे लागले त्या अर्थी चुकीचे वाचन त्या काळीही होत होते. डी. टी. सुझुकी यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात या संज्ञेला पाश्चात्त्य मानसशास्त्रातील ‘अबोध’ मनाच्या जवळ नेले, तेव्हा त्या गोंधळात आणखी एक भर पडली. कारण अबोध म्हणजे ज्याचे भान नाही ते, आणि येथे तर भानाचा लोप मुळीच अभिप्रेत नाही.

४

आता नकाराकडे वळू. अभिजात चिनी भाषेत नकार दाखविणारी अक्षरे अनेक आहेत आणि त्यांची कार्यक्षेत्रे वेगळी आहेत. प्रस्तुत संदर्भात चार महत्त्वाची. जपानी उच्चारात ‘फु’ हे अक्षर क्रियापदाचा वा विशेषणाचा नकार करते : तो करीत नाही, ते मोठे नाही. ‘मु’ हे अस्तित्वाचा नकार करते : ते नाही, त्याच्यापाशी ते नाही. ‘हि’ हे नामरूप विधेयाचा नकार करते : हा तो नव्हे. ‘बाकु’ हे निषेधार्थक आहे : असे करू नको.

मराठी अभ्यासकाला या यादीत काही ओळखीचे दिसल्यावाचून राहणार नाही. ‘येथे घोडा नाही’ आणि ‘हा घोडा नव्हे’ ही वाक्ये मराठीत अदलाबदल करता येण्यासारखी नाहीत. निदान काळजीपूर्वक वापरल्या जाणाऱ्या मराठीत तरी नाहीत. पहिल्याने घोड्याचे अस्तित्व नाकारले, दुसऱ्याने समोरच्या प्राण्याचे घोडेपण नाकारले. प्राणी समोर उभाच आहे. न्यायशास्त्राच्या परिभाषेत हाच भेद संसर्गाभाव आणि अन्योन्याभाव असा मांडला जातो. ‘भूतलावर घट नाही’ हा पहिला, ‘घट हा पट नव्हे’ हा दुसरा. तिसरा शब्द ‘नको’. तो कशाचे अस्तित्वही नाकारीत नाही आणि ओळखही नाकारीत नाही. तो इच्छेचा नकार आहे.

या तीन शब्दांनी विचारांशी असलेल्या तीन संबंधांचा नकाशा तयार होतो. ‘विचार नको’ ही नवशिक्याची स्थिती : विचार आहेत, आणि ते असू नयेत अशी इच्छा आहे. ‘विचार नाही’ हे त्याने डोळ्यांपुढे ठेवलेले साध्य. ‘विचार नव्हे’ हे याओशानचे उत्तर.

‘हिशिऱ्यो’ या उत्तराची व्याकरणदृष्ट्या उकल अशी करता येईल. भिक्षूच्या प्रश्नात ‘फुशिऱ्यो’, म्हणजे ‘विचार न करणे’, हे पद एका नामसाधक प्रत्ययाने वस्तुरूप झालेले आहे; ‘विचार न करणे जे ते’ अशी ती रचना आहे. विचार न करणे ही एक वस्तू झाली, आणि वस्तू झाली म्हणजे तिचा विचार करता येईल असे वाटू लागले. येथेच सापळा आहे. न करणे हेही करण्याचे एक काम होऊन बसते, आणि बसणारा ते काम करू लागतो. ‘हि’ हा नकार त्या पायरीवर न थांबता विधेयालाच हात घालतो : आपण ज्याला ‘करणे’ आणि ‘न करणे’ म्हणता आहात, त्या मापाच्या जातीचे हे नव्हेच. विचार आहेत की नाहीत हा प्रश्न त्याने सोडविला नाही. तो प्रश्न ज्या मापावर उभा होता ते माप बाजूला केले.

हे वाचन आपण ग्रंथावर लादीत नाही याला दोन आधार देता येतात. पहिला आधार या संज्ञेच्या पूर्वेतिहासाचा. कुमारजीवाने ४०६ साली केलेल्या सद्धर्मपुंडरीकाच्या चिनी भाषांतरात, उपायकौशल्यविषयक परिवर्तात, ही अक्षरे एकत्र येतात. तेथे ‘हा धर्म विचाराच्या व विकल्पाच्या आकलनातील नव्हे’ अशा आशयाच्या विधानात ‘हि’ हा संपूर्ण विधेयाचा नकार आहे. पाली व संस्कृत परंपरेतील ‘अतर्कावचर’ ही कल्पना त्यामागे आहे. तर्काचे जेथे संचरण नाही असे ते क्षेत्र. तेथे तर्क मारला जातो असे नव्हे. दुसरा आधार दोगेनच्या त्याच ग्रंथातील. लोकप्रचलित पाठात चित्त, मन व विज्ञान यांची फिरती थांबविण्यास आणि ‘नेन’, ‘सो’ व ‘कान’ यांनी होणारे मापन बंद करण्यास सांगितले आहे. वरवर पाहता हे वाक्य ‘निर्विचार’पक्षाचा भक्कम पुरावा वाटेल. परंतु बंद करावयाचे काय, तर मापन. आणि येथील मापनवाचक शब्दात ‘शिऱ्यो’मधले तेच ‘तोलणे’ या अर्थाचे अक्षर पुन्हा आले आहे. शिवाय मापनाच्या साधनांत ‘कान’चाही समावेश आहे. ‘कान’ हे अक्षर ‘विपश्यना’ या संज्ञेचे चिनी रूप आहे. विचाराबरोबर निरीक्षणही, मापन म्हणून केले जात असेल तर, खाली ठेवावयाचे आहे.

‘नको’चाही विसर ग्रंथकाराला पडलेला नाही. ‘बाकु’ हे निषेधार्थक अक्षर ग्रंथात येते. पण त्याचे कर्म पाहावे. बऱ्यावाइटाची, खऱ्याखोट्याची उठाठेव नको, बुद्ध होण्याचा बेत नको. विचाराचे येणे नको, असे ग्रंथ कोठेही म्हणत नाही. उलट जो विचार नवशिक्याला सर्वांत पवित्र वाटेल, बुद्धत्वप्राप्तीचा, नेमका त्यालाच ‘नको’ म्हटले आहे.

५

या प्रकाशात प्रचलित भाषांतरे तपासली तर काय दिसते? इंग्रजीत ‘फु’साठी ‘नॉट-थिंकिंग’ आणि ‘हि’साठी ‘नॉन-थिंकिंग’ ही जोडी रूढ झाली. तिच्यात दोन नकार वेगळे आहेत एवढे कळते, वेगळेपण कशात आहे ते कळत नाही. टी. पी. कासुलिस यांनी १९८१ साली ‘विदाउट-थिंकिंग’ असा पर्याय सुचविला. त्यामागील त्यांची मांडणी सूक्ष्म आहे : विचार करणे ही होकार वा नकार देण्याची भूमिका, विचार न करणे ही केवळ नकाराची भूमिका, आणि तिसरी अवस्था कोणतीच भूमिका न घेण्याची. मांडणी मान्य करूनही शब्दाबद्दल तक्रार राहते. ‘विदाउट’ हा अभावाचा शब्द आहे, तो ‘मु’च्या घरचा, ‘हि’च्या नव्हे. निशिजिमा व क्रॉस यांनी ‘विचाराहून भिन्न’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग केला. व्याकरणाच्या दृष्टीने तो अधिक जवळचा आहे. मात्र ‘फु’साठी त्यांनी ‘बियाँड’, म्हणजे ‘पलीकडे’, हा शब्द योजला. आणि काझुआकी तानाहाशी यांच्या परंपरेत हाच ‘बियाँड’ शब्द ‘हि’साठी आला, इतका की २००४ सालच्या त्यांच्या संग्रहाचे ते नावच झाले. दोन भिन्न नकारांसाठी एकच शब्द वापरला जावा, यावरून इंग्रजीची अडचण किती खरी आहे ते दिसते. ‘पलीकडे’ म्हटले की वाचकाच्या मनात एक ठिकाण उभे राहते, आणि ठिकाण आले की तेथे पोहोचण्याची धडपड आलीच.

मराठीत इंग्रजीमार्गे भाषांतर करणारा या सर्व अडचणी विनाकारण आपल्या अंगावर घेतो. त्यावर तो ‘निर्विचार’ हा शब्द ठेवतो, तेव्हा चूक दुहेरी होते. योगसूत्रांच्या पहिल्या पादात सवितर्क, निर्वितर्क, सविचार आणि निर्विचार अशा समापत्ती सांगितल्या आहेत. तेथील ‘विचार’ म्हणजे आपण ज्याला विचार म्हणतो तो सामान्य मनोव्यापार नव्हे. सूक्ष्म आलंबनाशी निगडित अशी ती विशिष्ट संज्ञा आहे, आणि निर्विचार समापत्तीतही सूक्ष्म आलंबन असतेच. पाली ध्यानक्रमातही वितर्क आणि विचार दुसऱ्या ध्यानात शमतात, पण तो एका क्रमातील एक टप्पा आहे. दोगेनच्या ग्रंथात असा टप्प्यांचा क्रमच नाही. अर्थात ‘निर्विचार’ हा शब्द योगशास्त्राशीही इमान राखीत नाही आणि झेनशीही नाही. ‘अविचार’ तर मराठीत उतावळेपणाचा वाचक आहे. ‘नञ्’चे सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य व विरोध असे सहा अर्थ वैयाकरणांनी सांगितले, त्यांतील अप्राशस्त्य या शब्दाला चिकटून बसले आहे. उपसर्गांनी साधणार नाही ते येथे वाक्यातील ‘नव्हे’ साधतो.

‘साक्षी’ या शब्दाविषयी अधिक सावधपणे बोलले पाहिजे, कारण तो निर्विचारापेक्षा पुष्कळ बरा आहे. साक्षी विचारांशी भांडत नाही. इगतपुरी येथे १९७६ पासून चालत आलेल्या विपश्यना शिबिरांमुळे, श्वासाकडे आणि संवेदनांकडे तटस्थपणे पाहण्याची कल्पना महाराष्ट्रातील असंख्य लोकांना प्रत्यक्ष अभ्यासातून परिचित झाली आहे. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ती पद्धती वेगळी आहे. ‘साक्षी’ या शब्दात पाहणारा आणि पाहिले जाणारे असे दोन पक्ष गृहीत आहेत. झोंगझे यांच्या सूचनेतही सुरुवातीस ते दोन पक्ष आहेत : विचार उठतो, जाणीव त्याला पकडते. दोगेननी ती सूचना काढली त्याचे कारण आपल्याला येथेच शोधावे लागेल. जाणीव हे विचारावर चालविण्याचे हत्यार झाले, की साधक पहारेकरी होतो; आणि पहारेकऱ्याला चोराची वाट पाहावी लागते. १२४२ सालच्या ‘झाझेनशिन’ या प्रकरणात दोगेन याओशानच्या संवादावर भाष्य करतात आणि त्याच प्रकरणात चिंता थांबवून शांततेत गोठून बसण्याच्या उपदेशाचा स्पष्ट शब्दांत अव्हेर करतात. ‘कसा’ या भिक्षूच्या प्रश्नवाचक पदालाही ते प्रश्न राहू देत नाहीत. त्याला विधेय मानून ‘कसा’ हाच विचार असे वाचतात. हिशिऱ्योमध्ये ‘कोण’ आहे, असेही ते म्हणतात. प्रश्नवाचक सर्वनामाला उत्तराच्या जागी बसविण्याची ही रीत सहेतुक आहे : तेथे ‘साक्षी’ असे नाव दिले असते तर दुसरा पक्ष पुन्हा उभा राहिला असता.

६

यावरून लोकप्रचलित पाठ हा सर्वार्थाने श्रेष्ठ असा निर्णय देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण समीक्षकाने तसे करू नये. तत्त्वदृष्ट्या जे मिळाले त्याची किंमत व्यवहारात मोजावी लागली आहे. झोंगझे यांची सूचना घेऊन माणूस आज संध्याकाळी बसू शकतो. ‘हिशिऱ्यो’ हा शब्द घेऊन बसणाऱ्याच्या हाती, आचार्य शेजारी नसेल तर, काय राहते? पाय दुखू लागले, कालचा अपमान आठवला, डुलकी आली; या प्रत्येक प्रसंगी त्याने काय करावे, हे तो पाठ सांगत नाही.

परंपरेलाही ही उणीव जाणवली असली पाहिजे, कारण तिने ती वारंवार भरून काढली. दोगेनच्याच परंपरेतील केइझान (मृत्यू १३२५) यांनी ‘झाझेन योजिन्की’ या आपल्या ग्रंथात पुन्हा साधे उपाय दिले : मन बुडू लागले तर ते भुवयांच्या मध्ये वा कपाळाच्या केसांच्या कडेशी ठेवावे, विखुरले तर नाकाच्या शेंड्याशी किंवा बेंबीखाली, एरवी डाव्या तळहातावर. रिन्झाई शाखेने वेगळा मार्ग धरला. दाहुइ (१०८९–११६३) यांच्यापासून चालत आलेल्या रीतीने साधकाला एकच प्रश्न चघळावयास देऊन विचाराला विचाराच्याच साहाय्याने कोंडीत पकडले. विसाव्या शतकात शुन्रिऊ सुझुकी (१९०४–१९७१) यांनी अमेरिकेतील शिष्यांना विचार थांबवू नका, येऊ द्या आणि जाऊ द्या असे सांगितले, आणि मनातील तणाला उपटून रोपाच्याच मुळाशी पुरण्याची उपमा दिली. कोशो उचियामा (१९१२–१९९८) यांनी ‘विचारांची मूठ सोडणे’ हा शब्दप्रयोग रूढ केला. त्यांनी एक आकृतीही काढली : एक सरळ रेषा, तिच्यापासून कधी विचारांत तर कधी झोपेत होणारी फारकत, आणि पुनःपुन्हा रेषेकडे परतणे.

उचियामांचा शब्दप्रयोग आपल्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. मुठीत काही येणे आणि मूठ वळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येणाऱ्यावर आपली सत्ता नाही, वळण्यावर आहे. म्हणजे ‘येणे’ आणि ‘करणे’ यांच्यातील जो भेद दोगेनच्या पाठांतरातून दिसला, तोच येथे हाताच्या साध्या प्रतिमेत उतरला आहे. ‘शिऱ्यो’ म्हणजे मूठ वळणे. मूठ उघडी ठेवणे हा विचारांचा अभाव नव्हे, आणि विचारांवर ठेवलेला पहाराही नव्हे. फारकत झाली की परतावयाचे, आणि परतलो म्हणून शाबासकी घ्यावयाची नाही, फारकत झाली म्हणून दंडही नाही. कारण रेषा आणि फारकत दोन्ही मिळून बसणे होते. झोंगझे यांची ‘जाणीव’ येथे परत आली आहे. फक्त ती विचाराला मारण्यासाठी आलेली नाही. उघड्या डोळ्यांनी भिंतीसमोर बसलेल्या माणसाला भिंत जशी दिसते, तसा त्याला विचार आल्याचेही कळते, एवढेच.

तेव्हा दोन्ही पाठ एकत्र वाचावेत, असा या परीक्षणाचा निष्कर्ष आहे. १२३३ चा पाठ नवशिक्याला काय करावयाचे ते सांगतो. नंतरचा पाठ ते करणे हेच साध्य मानण्यापासून त्याला सावध करतो. पहिला एकटा वाचला तर पहारेकरी निर्माण होतो, दुसरा एकटा वाचला तर गूढ वचने पाठ करणारा. आणि मराठीत या विषयावर लिहिणाऱ्यांस एक सूचना करावीशी वाटते. ‘हिशिऱ्यो’साठी नवा सामासिक शब्द घडविण्याची आवश्यकता नाही, ‘विचार नव्हे’ एवढेच म्हणावे आणि ‘नव्हे’वर भर द्यावा. आजच्या बोलण्यात ‘नव्हे’ची जागा ‘नाही’ घेत चालला आहे. ‘हा माझा नव्हे’ असे म्हणणारी पिढी ‘हा माझा नाही’ असे म्हणू लागली आहे. भाषेच्या इतिहासात असे होतच असते. परंतु जो भेद इंग्रजी भाषांतरकारांना अनेक दशके खटपट करूनही नीट पकडता आला नाही, तो ज्या भाषेत दोन अक्षरांत सांगता येतो, त्या भाषेच्या अभ्यासकांनी निदान आपल्या शास्त्रीय लेखनात तरी तो जपावा, अशी अपेक्षा अवाजवी ठरू नये.